हवालदाराचा हिवाळा

विषय: घरी खोडकर कुत्रा असताना हिवाळा कसा काढावा.
संदर्भ: सौभाग्यवतींची रोजची तोंडी तक्रार.

सरकारी नोकरीत ३२ वर्षं मी परिपत्रकं लिहिली. ती कोणी वाचली असतील असं वाटत नाही, पण फायलीला लागली. निवृत्तीनंतर लिहायला विषय उरला नव्हता, तो मुलीने पुरवला. कुत्रा पाहिजे हा हट्ट तिचा, आणि कुत्रा आल्यावर दीड महिन्यात पुण्याला नोकरीसाठी गेली तीही तीच. कुत्रा राहिला. अस्सल गावठी, अंगाचा रंग खाकी, म्हणून नाव हवालदार. हे नाव ठेवताना मी पुढचा विचार केला नव्हता. भर चौकात ‘हवालदार, सोड ती चप्पल!’ असं ओरडलो, तेव्हा सिग्नलपाशी उभ्या असलेल्या खऱ्या हवालदारांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

सदर मार्गदर्शन नाशिकच्या थंडीपुरतं आहे. मुंबईकरांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांचा स्वेटर कपाटातून निघेपर्यंत हिवाळा संपतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. शेजारच्या निफाडचा आकडा, तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला, पाच-सहावर आला की पेपरात ठळक छापून येतो. तो पेपर फाटकातून आत पडताक्षणी हवालदार ताब्यात घेतो, त्यामुळे मला बातम्या तुकड्यातुकड्यांनी मिळतात. एका सकाळी ‘निफाड ५.’ एवढाच तुकडा हाती लागला. दशांश त्याच्या पोटात होता.

उठणे

गजराचं घड्याळ कोणाला तरी देऊन टाकावं. पहाटे साडेपाचला हवालदाराचं ओलं, गार नाक आधी कानात येतं. तिथे दाद न मिळाल्यास मानेवर. तरीही पडून राहिल्यास तो पांघरुणाची फट शोधून तळपायापर्यंत पोचतो, आणि तिथे हा उपाय आजवर फसलेला नाही. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, ही बाब त्याच्या वारंवार निदर्शनास आणून दिली आहे.

खरी मेख पुढे आहे. तुम्ही कानटोपी, मफलर, स्वेटर चढवून पट्टा लावता, दार उघडता, बाहेरचा गारठा त्याच्या मिशांना लागतो, आणि हवालदार मागे फिरतो. तडक आत जातो आणि तुम्ही नुकत्याच सोडलेल्या गोधडीत, तुमच्याच अंगाने ऊबदार झालेल्या खळग्यात मुटकुळं करून झोपतो. त्याला फिरायला जायचंच नव्हतं. त्याला जागा रिकामी करून हवी होती. हे कळायला माझा एक अख्खा डिसेंबर गेला. यावर साधा इलाज म्हणजे न उठणे. तो मला अजून करता आलेला नाही, कारण दहातल्या एखाद्या दिवशी त्याला खरंच जायचं असतं, आणि तो दिवस कोणता हे फरशी पुसताना समजतं.

गोधडीची वाटणी

जमिनीच्या वाटण्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिले. पण बांध सरकवण्याची कला खऱ्या अर्थाने कुत्र्यालाच अवगत आहे. पहिल्या थंडीत त्याच्यासाठी दाराजवळ तरट टाकलं होतं. एक रात्र तो तिथे झोपला. दुसऱ्या रात्री पलंगाखाली. तिसऱ्या रात्री पायथ्याशी, तेही नुसती हनुवटी टेकवून, जणू चौकशीला आलाय. आठवडा संपेस्तोवर माझ्याकडे गोधडीची किनार तेवढी उरली. आता सातबाऱ्यावर नाव माझं आहे आणि वहिवाट त्याची.

झोपण्याआधी तो जागच्या जागी तीन-चार गिरक्या घेतो. त्याचे पूर्वज रानात असंच गवत दडपून बसत, असं जाणकार सांगतात. सौ.चं मत वेगळं आहे. ‘अहो, मोजणी चाललीय त्याची.’

या प्रकरणाला शास्त्रीय बाजूही आहे. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. आपल्याला एवढा ताप आला तर आपण रजेचा अर्ज टाकतो. आईने (वय ८४) पहिल्यांदा त्याच्या पोटाला हात लावला तेव्हा ‘लेकराला ताप भरलाय रे’ म्हणत सुंठीचा काढा उकळायला ठेवला. काढा शेवटी मला प्यावा लागला. नंतर तिच्या लक्षात आलं, की रबरी पिशवीतलं पाणी दोन तासांत गार होतं आणि हा होत नाही. तेव्हापासून हवालदाराची रात्रपाळी तिच्या गुडघ्यांवर असते. मात्र ही पिशवी पहाटे तीनच्या सुमारास स्वप्नात मांजरामागे धावते, याची गुडघेधारकांनी नोंद घ्यावी.

स्वेटर

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या शिह् त्झूला बटणांचा, खिशाचा स्वेटर आहे. त्या खिशात काय ठेवतात हे विचारण्याचं धाडस मला झालेलं नाही. त्याच गल्लीत एक हस्की आहे. तो बर्फातला प्राणी उन्हाळाभर एसीसमोर पडून असतो आणि फक्त जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माणसांत येतो.

या दोघांना पाहून आईने उरल्यासुरल्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. माप घेताना हवालदाराने टेप खाल्ली, सबब माप अंदाजे. स्वेटर अंगात गेला आणि कुत्रा थांबला. थांबला म्हणजे पुतळा झाला. शेपटी स्थिर, एक पाय हवेत, नजर भिंतीवर. पाव तास झाला तरी हलेना, तेव्हा आई घाबरली. तेवढ्यात बाहेर खार ओरडली आणि पुतळा खिडकीतून गेला. स्वेटरचा एक धागा शेवग्याला अडकला होता. संध्याकाळपर्यंत आमचं फाटक, तीन दुचाक्या आणि सोसायटीच्या अध्यक्षांची तुळस एकाच पिवळ्या लोकरीने जोडली गेली होती.

अंगभर दाट केस असलेल्या, धडधाकट कुत्र्याला आमच्याकडच्या थंडीत स्वेटर लागतोच असं नाही. पिल्लं, म्हातारी कुत्री आणि तुळतुळीत अंगाच्या जाती यांना मात्र ऊब द्यावी. कोरडं पोतं, जमिनीपासून थोडं उंच अंथरूण, वाऱ्याला आडोसा, एवढ्यानं भागतं. धर्मराजाबरोबर हिमालय चढून गेलेल्या कुत्र्याच्या अंगात स्वेटर असल्याचा उल्लेख महाभारतात नाही, हे मी आईला सांगून पाहिलं. ‘तो यमधर्म होता, त्याला सर्दी होत नाही,’ असं उत्तर आलं, आणि दुसऱ्या स्वेटरसाठी लोकर आणायची यादीही आली.

आंघोळ

मार्चमध्ये.

आहार

हे कलम लक्षपूर्वक वाचावं, कारण इथे विनोदाला थोडा वेळ बाहेर बसवलं आहे.

हिवाळ्यात घरात डिंकाचे लाडू होतात आणि त्यांत बेदाणे असतात. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत. त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा चार दाण्यांनी आडवा होतो. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे पशुवैद्यांचा संशय आहे. दुसरा शत्रू कांदा, आणि त्याचा भाऊ लसूण. यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, कसाही दिला तरी सुटका नाही. खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आता आमची अडचण बघा. कुत्र्यापासून लांब ठेवा म्हणून जे जिन्नस सांगितले जातात त्यांतले हे दोन, द्राक्ष आणि कांदा, आमच्या एकट्या निफाड तालुक्यात शिवारंच्या शिवारं भरून पिकतात. लासलगावचा कांदा बाजार याच तालुक्यात. हवालदाराच्या दृष्टीने आम्ही विषाच्या कोठारात राहतो.

मामेभावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतो, ठिबकने पाणी सोडतो. गेल्या वर्षी तिथे मुक्कामाला जाताना मी हवालदारासाठी वासराचं मुसकं मागवून ठेवलं, घडांची उंची मोजली, सौ.ला पश्चिमेच्या बांधावर उभं केलं. त्याने द्राक्षांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ शेकोटीकडे गेला, तळवे शेकत बसलेल्या दोन गड्यांच्या मधे अंग घुसवून जागा केली आणि तोही पुढचे पंजे जाळाकडे करून बसला. गड्यांपैकी एकाने सवयीने त्याच्यापुढे तंबाखूची डबी धरली. परतलो तेव्हा एका बाजूच्या मिशा जळालेल्या होत्या, त्यामुळे पुढचे काही आठवडे तो कायम एका भुवईने संशय घेत असल्यासारखा दिसायचा.

चंपाषष्ठीला पेच वेगळा पडतो. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि कुत्रा हा खंडोबाचा. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि त्यातला घास कुत्र्याला घालायचा. भरितात कांद्याची पात. डॉक्टर नाही म्हणतात, देव हो म्हणतो. शासकीय सेवेत अशा वेळी आपण प्रकरण वरिष्ठांकडे पाठवतो. मी ते आईकडे पाठवलं. देवाला भरीत, हवालदाराला नुसता कोरडा रोडगा, असा निकाल झाला. ‘देवाला मी सांगते,’ ती म्हणाली. हवालदाराने रोडगा गिळला आणि आरती संपेपर्यंत देवाच्या पानाकडे डोळे लावून बसला. शेजारीण म्हणाली, ‘किती भाविक आहे हो!’

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा असतो. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते. आमच्या कुत्र्याने लोणी पळवलं आणि भाकरी ताटात ठेवली. मी भाकरी घेऊन धावलो.

मुद्देमाल

थंडीत घरात मऊ वस्तूंचं प्रमाण वाढतं, त्यामुळे जप्तीचंही वाढतं. कानटोपी, हातमोजा, मफलरचं टोक, आईची शाल, आणि मुख्य म्हणजे मोजे. तो जोडी कधीच नेत नाही. प्रत्येक जोडीतला एक नेतो, म्हणजे दुसरा आपोआप बाद होतो.

खोबरेल हेही याच सदरात येतं. पंचवीस अंशांच्या खाली ते गोठायला लागतं, म्हणून सौ. बाटली गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवते. ते पातळ व्हायला किती वेळ लागतो याचा आम्हा तिघांपेक्षा हवालदाराचा अंदाज अचूक आहे. आमच्या घरात सर्वांत चकचकीत जीभ त्याची आहे.

मोजा घेऊन पळाला तर मागे धावू नये. धावलात की त्याचा खेळ होतो, आणि घाईघाईत त्याने मोजा गिळला तर आतड्यात अडकून पोट उघडायची वेळ येते. त्याऐवजी बदल्यात काहीतरी चांगलं द्यावं, बिस्किटाचा तुकडा वगैरे, म्हणजे तो तोंडातलं सोडतो. हा सल्ला आम्हाला डॉक्टरांनी दिला आणि तो शंभर टक्के लागू पडला. इतका, की आता हवालदार धुण्याच्या बादलीतून मोजा काढतो, स्वतःहून माझ्यापुढे आणून ठेवतो आणि पावती मागतो. दिवसाला चार बिस्किटं. त्याचं वजन दोन किलोने वाढलं आहे आणि डॉक्टर आता बिस्किटं बंद करा म्हणतात.

संक्रांत

नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो झुडपांत अडकलेला सापडतोच. या दिवसांत फिरवताना पट्टा आखूड धरावा आणि घरी आल्यावर पंजे तपासावेत.

हळदीकुंकवाला बायका काळ्या साड्या नेसून येतात. आमच्याकडे येतात काळ्या साड्या आणि जातात खाकी काठाच्या. हवालदार प्रत्येकीच्या पायाशी अंग घासून स्वागत करतो आणि तिळगुळापेक्षा वाणाकडे लक्ष ठेवतो. यंदा सौ.ने वाण म्हणून मोजे लुटायचं ठरवलं होतं, थंडीचे दिवस, उपयोगी पडतील म्हणून. बारा जोड्या आणल्या. आदल्या रात्री पिशवी पलंगावर ठेवली. कोणत्या पलंगावर, ते सांगायला नको.

तरी वाचकांना विनंती, की कोणाच्या घरी एकेकटे पडलेले मोजे असतील तर रंग आणि मापासह कळवावं. आमच्याकडे सध्या एकोणीस आहेत, त्यांतले सात थोडे ओले. जोडी जुळल्यास टपालखर्च निम्मा-निम्मा.