डिस्लेक्सिया : दहावीच्या तोंडावर होणारा आजार

महाराष्ट्रात डिस्लेक्सिया हा हंगामी आजार आहे. पहिली ते नववी त्याचं कुणी नाव काढत नाही. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की तो अचानक डोकं वर काढतो, पुणे विभागीय मंडळाकडे फाईल जाईपर्यंत टिकतो आणि निकाल लागला की आपोआप बरा होतो. नावं मात्र आपल्याकडे पटकन बदलतात : अहमदनगर जिल्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. प्रगतिपुस्तकावरचा ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा तेवढा जुन्या नावानंच चालू आहे.

समजा, नेवासे तालुक्यातला एक बंड्या तिसरीत आहे. घोडेगावच्या बाजारात बापाबरोबर गेला की कांद्याच्या गोण्यांचा हिशेब तोंडी करतो आणि तोही आडत्याच्या आधी. वर्गात मात्र फळ्यावरचं ‘बदक’ त्याच्या वहीत ‘कदब’ होऊन उतरतं, एकवीसचे बारा होतात. वेलांटी कुठल्या बाजूची हे ठरेपर्यंत गुरुजी पुढच्या ओळीवर पोचलेले असतात. जोडाक्षर आलं की बंड्याला हमखास लघवीला लागते. निदान तयारच असतं : घरी ‘आळशी’, वर्गात ‘ढ’ आणि बाजारात ‘हुशार’. तिन्ही निदानं मोफत आहेत, कुठल्याही चाचणीची गरज पडत नाही.

कायद्याला मात्र बंड्या माहीत आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात तो नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आणि त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’, म्हणजे डिस्लेक्सियाही, आली. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याचं कलम १६ म्हणतं, अशी मुलं लवकरात लवकर ओळखा आणि योग्य त्या पद्धतीनं शिकवा. कलम १७ म्हणतं, दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करा. पहिलं दोन वर्षांच्या आत, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत. सर्वेक्षणाचं आपल्या गुरुजींना वावडं नाही. मतदार मोजून झाले, शाळाबाह्य मुलं मोजून झाली. शाळेतलाच, पहिल्या बाकावरचा बंड्या तेवढा मोजायचा राहिला, कारण तो गैरहजर नसतो.

योगायोग असा की शिक्षण हक्क कायद्याचंही कलम १७ च. त्यात मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. म्हणजे एका सतराव्या कलमानं बंड्याला शोधायचं आणि दुसऱ्यानं छडीपासून वाचवायचं. दोन्ही कलमं गुण्यागोविंदानं राजपत्रात नांदतात.

जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तर फारच दूरदर्शी होत्या. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच प्राथमिक चाळणी करायची. पुढं बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, चाचण्या आणि प्रमाणपत्र. ते चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा काढायचं आणि मग ते आयुष्यभर चालतं. डिस्लेक्सिया जन्मभर सोबत असतो हे विज्ञान सांगतं; कागदाला मात्र मधूनमधून खात्री करून घ्यावी लागते की पोरगा अजून सुधारलेला नाही.

आता प्रमाणपत्र. चौदा तालुक्यांचा, राज्यात क्षेत्रफळानं सर्वांत मोठा असा हा अहिल्यानगर जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगरचं सिव्हिल हॉस्पिटल शंभरावर किलोमीटर. बापाचा रोज बुडतो, आईचाही बुडतो आणि नेमका त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ रजेवर नसला तर काम होतं. पूर्वी तर याहून लांबची वाट होती, मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणांची. नगरच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची कीर्ती मात्र २०२४ मध्ये थेट दिल्लीपर्यंत पोचली होती. एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या कागदांवरून देशभर वादळ उठलं. खरं-खोटं न्यायालय ठरवील. वादळानंतर छाननी कडक झाली की तिची झळ सगळ्यात आधी बसते ती एसटीनं आलेल्या बंड्याच्या आईला.

सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्र मागं नाही, हेही मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. १९९६ पासून राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत : जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणिताला कॅल्क्युलेटर. ‘तारे जमीं पर’ आला २००७ मध्ये, म्हणजे आमिर खानच्या अकरा वर्षं आधी आपलं मंडळ हळवं झालं होतं. घोळ एवढाच की सगळा हळवेपणा परीक्षेच्या तीन तासांत आहे. आधीच्या दहा वर्षांत अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पुन्हापुन्हा, सावकाश, हातानं गिरवून, तोंडानं म्हणून शिकवायची असते. त्याला सवलत म्हणत नाहीत, त्याला शिकवणं म्हणतात. ते कुठल्या फॉर्मवर भरायचं हे ठरलेलं नाही.

भाषेचंच बघा. कायदा अशा मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्या म्हणतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं पहिलीपासूनच तिसरी भाषा आणली, जूनअखेर मागं घेतली. मधल्या अडीच महिन्यांत अस्मितेवर सगळे बोलले. ज्याची पहिलीच भाषा कागदावर डळमळते, त्या पोराचा विषय कुठल्या मोर्चाच्या फलकावर मावला नाही.

विशेष शिक्षकांचंही तसंच. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक शाळांत अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर राज्यानं ४,८६० पदं मंजूर केली, केंद्रामागं एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा सहज असतात. म्हणजे बंड्याच्या वाट्याला विशेष शिक्षक येणार ते अमावस्या-पौर्णिमेला, आणि त्या दिवशी त्यांची मीटिंग नसली तर.

तेव्हा तिसरी-चौथीतल्या पालकांनी दहावीची वाट बघू नये. पोरगं तोंडी हुशार आणि कागदावर ढ असेल, तर मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्यावा : २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ आणि १७ नुसार माझ्या मुलाची अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. आणि दोन्हीकडून सही-शिक्क्याची पोच घ्यावी, कारण पोच नसलेला अर्ज आपल्याकडे कुणालाच वाचता येत नाही.