झालंयवाले मालक

ज्या माणसाच्या एका खिशात व्हर्निअर आणि दुसऱ्या खिशात क्रियापदांच्या तीन रूपांचा घडी घातलेला तक्ता सापडेल, तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला मालक समजावा. नाव विचारण्याची गरज नाही. कामगार, चहावाला, बँकेतला शिपाई, सगळे त्याला मालकच म्हणतात.

शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं पुरवत हे उद्यमनगर वाढलं. मालकांचे वडील त्या इंजिनांचे सुटे भाग लेथवर काढायचे. गिऱ्हाईक कागलचं नाहीतर शिरोळचं, आणि तगादा रोखठोक कोल्हापुरीत. आता कास्टिंग शिरोलीच्या फौंड्रीतून येतं, मशीनिंग मालकांकडं होतं, माल जर्मनीला जातो आणि तगादा इंग्रजीत येतो. दुखणं इथंच आहे.

मालक पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतले. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा ते आयटीआय करून लेथवर उभे होते. पहिलीपासून शिकलेली मुलगी त्यांच्या मेलमधल्या चुका ताटावरच काढते. वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सापडली, पण त्यात मशीन बंद पडल्याचं वाक्य मिळेना. राजर्षी शाहूंना शिकवायला फ्रेझरसाहेब होते. मालकांनी राजारामपुरीतला, जिन्यात चपलांचा ढीग असलेला स्पोकन इंग्लिशचा क्लास गाठला.

क्लासात सगळी कॉलेजची पोरं. त्यांत मालक मागच्या बाकावर, मोबाइल सायलेंटवर टाकून आणि तरीही दर पाच मिनिटांनी उचलून. भविष्यकाळ त्यांना एका दिवसात आला, कारण धंदा त्यावरच चाललेला. ‘आय विल सेंड टुमॉरो’ हे वाक्य त्यांना झोपेतही येतं. साधा भूतकाळ मात्र पचेना. हा काळ तारीख मागतो. ‘आय सेंट’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कधी?

मग एके दिवशी सरांनी फळ्यावर प्रेझेंट परफेक्ट लिहिला. “काम झालेलं आहे, त्याचा परिणाम आत्ता दिसतोय. कधी झालं ते मात्र सांगायचं नाही.”

मालक उठून उभे राहिले. “सांगायचं न्हाई? म्हंजे सांगितलं तर चूक?”

“चूक. येस्टर्डे आलं की हॅव गेलं.”

“आणि व्हेन?”

“हॅवला व्हेन चालत नाही.”

हा काळ साहेबानं उद्यमनगरात महिनाभर राहूनच काढला असणार, याबद्दल मालकांची खात्री पटली. इथं दुसरा काळ बोलतंय कोण? ‘जॉब कुठवर आलाय?’ ‘झालाय की.’ ‘मग द्या.’ ‘फक्त फिनिशिंग राहिलंय.’ मालकांचं काम मायक्रॉनमध्ये बिनचूक असतं. अंदाजे असते ती फक्त तारीख. अशा माणसाला एका परक्या भाषेच्या व्याकरणानं लेखी संरक्षण दिलं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. घरात गॅस संपला, “आय हॅव बुक्ड.” लाइट बिल? “आय हॅव पेड.” ‘जस्ट’ तर त्यांना फारच मानवला. “टेम्पो हॅज जस्ट लेफ्ट,” असं ते फोनवर सांगतात तेव्हा ड्रायव्हर त्यांच्यासमोरच दुसरा कटिंग घेत असतो. ‘येट’ मात्र ते कटाक्षानं टाळतात. तो शब्द गिऱ्हाइकानं वापरायचा. फॉर आणि सिन्सचा घोळ अजून आहे. ‘सिन्स टेन इयर्स’ म्हटलं की सर कपाळाला हात लावतात. एकदा पन्हाळ्याहून परतल्यावर मालक क्लासात ऐटीत म्हणाले, “आय हॅव गॉन टु पन्हाळा.”

“गेलाय, तर इथं कोण बसलंय?” सर म्हणाले. “जाऊन आलात, तर ‘बीन’.”

“जाऊन आलोय, पण मन तिथंच हाय, सर.”

एवढ्यात जर्मनीहून मेल आला: ‘व्हेन हॅव यू सेंट द पार्ट्स?’ मालक प्रिंट घेऊन थेट क्लासात. “सर, हॅवला व्हेन चालत न्हाई म्हणालाय न्हवं? मग प्रश्नच चुकीचाय. उत्तर कशाला द्यायचं?”

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. जर्मन भाषेत ‘काल’बरोबर हा काळ सर्रास चालतो, म्हणून तिकडचा माणूस इंग्रजीतही तसंच लिहून जातो, असं त्यांनी समजावलं. मराठीतही ‘मी काल आलोय’ चालतंच. अडतो एकटा इंग्रज.

“म्हंजे जर्मन आपल्यातलाच!” मालकांचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला. इंग्रज असता तर व्याकरणाला भिऊन गप्प बसला असता. आपल्यातलाच माणूस कधी ते विचारणारच.

त्या आठवड्यात वर्कशॉपचे दिवे रात्रभर जळले. डिबरिंग, तपासणी, तेल लावून पॅकिंग. पेटीतला प्रत्येक नग मालकांनी स्वतः मोजला. पहाटे ट्रक खरोखरच निघाला. दुसऱ्या दिवशी मालक मेल लिहायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा तारीख सांगण्याजोगी होती, आणि ती सांगायचा मोह आवरेना. लिहिलं, ‘वुई हॅव सेंट येस्टर्डे.’

मुलगी म्हणाली, “पप्पा, चूक आहे.”

“आसंना. जाऊ दे.”

तासाभरात जर्मनीहून एका शब्दाचं उत्तर आलं: ‘परफेक्ट!’

मालकांनी मोबाइल आधी मुलीसमोर आणि संध्याकाळी सरांसमोर धरला. “बघा सर, पेपर तपासून आलाय.”