न्हाणीघराची बढती

आमच्या खालच्या न्हाणीघराचं दार थेट बैठकीत उघडायचं. संडास-बाथरूम एकत्र. पाहुणा सोफ्यावर टेकला की समोरच्या भिंतीवर खंजिरी घेतलेले तुकडोजी महाराज आणि त्यांच्या डाव्या हाताला ते दार, असं दर्शन एकदमच व्हायचं. घरातलं कोण कितीदा आत गेलं आणि कुणाला किती वेळ लागला, हे चहा येईपर्यंत पाहुण्याला तोंडपाठ.

आता गुरुकुंज मोझरीत राहून पाहुणे नकोत म्हणायची सोय नाही. महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम काढला, आणि आमच्या यच्चयावत नातेवाइकांची पुण्यतिथी महोत्सवातल्या मुक्कामाची सोय झाली. आर्वीचे, मोर्शीचे, वरुडचे, चांदूरचे, सगळे सतरंजीसकट येतात. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, ती तिथी अश्विन वद्य पंचमी. दरवर्षी त्या तिथीला दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन पाळून उभी राहतात. ज्यांना त्या गर्दीत जाणं झेपत नाही, ते म्हातारे-कोतारे आमच्या बैठकीत उभे राहतात.

दोन वर्षांमागे असंच मौन सुरू होतं. पंखासुद्धा बंद केलेला. आणि जावईबापूंनी आतून फ्लश ओढला. जुनी लोखंडी टाकी होती ती. आधी ती धडाडली, मग बराच वेळ खळाळली, मग टाकी भरायला लागली तेव्हा शिट्टी वाजवू लागली. जावईबापू दार उघडून बाहेर आले तर समोर तेरा वृद्ध हात जोडून उभे. ते बिचारे परत आत गेले.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, ‘‘हे वर न्या. नाहीतर मी माहेरी जाते, तिथं परसात आहे.’’

खरं पाहता, ही वस्तू आमच्या घराण्यात तीन पिढ्या चढतीच्या मार्गावर आहे. आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या काळी ती नाल्याकाठी होती. ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अख्खा अध्याय आहे, आबाजी तो चालीवर म्हणत आणि म्हणून झाला की टमरेल घेऊन नाल्याकडे निघत. वडिलांनी परसात चार भिंती बांधल्या तेव्हा आबाजींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. पुढे गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं, पहाटे शिट्ट्या फुंकत गुड मॉर्निंग पथकं फिरू लागली, तेव्हा आबाजींनी मुकाट परसाचा आसरा घेतला. मग मी ती परसातून घरात आणली, तर वडिलांनी विचारलं, ‘‘जिथं जेवतं मानूस, तिथंच?’’ आता वर न्यायची म्हटल्यावर विरोध करायची पाळी माझी होती, पण बायकोनं मला ती संधी दिली नाही.

मिस्तरी आला. त्यानं वरच्या मजल्यावर फेरी मारली आणि खिशातून पेन्सिल काढून कानावर ठेवली. म्हणाला, ‘‘काकाजी, मानसाले कुठंबी नेता येते, पान्याले उतार लागते.’’ चार इंची पाइपाला दर चार फुटांमागे साधारण सव्वा इंच ढाळ हवा. म्हणजे जितकं लांब, तितकी न्हाणीघराची फरशी उचलायची, आणि मग आत जायला दोन पायऱ्या चढायच्या.

जागेवरून सभा भरली. स्वयंपाकघराच्या डोक्यावर बायकोला नको. देवघराच्या डोक्यावर आईला नको. माझ्या पलंगाच्या डोक्यावर मला नको होतं, पण ते मत कुणी मागितलं नाही. शेजारच्या काकांनी मोबाइलवरचं होकायंत्र काढलं, गच्चीवर गोल फिरले आणि जाहीर केलं की वास्तुशास्त्राप्रमाणे आमच्या घरात संडासाला जागाच नाही. मिस्तरी म्हणाला, ‘‘मंग खालच्याच्या डोक्यावर घ्या ना बाप्पा! पाइप सरळ खाली, चेंबरही तेच.’’ ठरलं.

स्लॅब फोडला. त्या दिवसांत आमच्या पोह्यांनासुद्धा सिमेंटची चव होती. कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, आणि मिस्तरी दारात विटांचा बांध घालून, आत घोटाभर पाणी भरून निघून गेला. जाताना म्हणाला, ‘‘आता पाहत राहा.’’

आणि आम्ही पाहत राहिलो. छताकडे. अख्खं घर बैठकीत माना वर करून बसलं होतं. पोस्टमन आला, तोही वर पाहू लागला. दूधवाल्यानं देव आठवले. एका कोपऱ्यात मळकट डाग होता. तो आजचा की दिवाळीचा, यावर माझ्यात आणि मुलात खडाजंगी झाली. मुलानं खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली. रात्री आईनं बॅटरी लावून पाहिलं आणि डाग रेघेबाहेर आल्याचं सांगून सगळ्यांना उठवलं. सकाळी कळलं की रेघ नातवानं पुसून दुसरी मारली होती. थेंब काही पडला नाही, पण आमच्या माना मात्र आठवडाभर खाली यायला तयार नव्हत्या.

मग शॉवर. बायकोनं अमरावतीहून ताटाएवढा आणला होता. पाण्याचं गणित साधं आहे: दहा मीटर उंचीला एक किलो दाब. खाली होतो तेव्हा मजल्याची दहा फूट उंची फुकट मिळायची. वर आमची टाकी शॉवरच्या जेमतेम चार फूट वर. नळ पूर्ण सोडला की डोकं भिजायचं, खांदे तसेच कोरडे. मिस्तरीनं टाकीला लोखंडी स्टँड दिला, तेव्हा कुठे पाणी पाठीपर्यंत पोचलं. शिवाय वऱ्हाडातला मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी काळ्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. गार पाण्यानं आंघोळ करायची तर रात्रीच बादल्या भरून ठेवाव्या लागतात, आणि भिंतीवर नवाकोरा गीझर त्या बादल्यांकडे पाहत लटकलेला असतो.

खरा प्रकार पुढेच होता. वरून येणारा तो चार इंची पाइप कुठून उतरला? बैठकीच्या कोपऱ्यातून. महाराजांच्या डाव्याच हाताला. पूर्वी कोण गेलं ते कळायचं. आता कोण ते कळत नाही, बाकी सगळं कळतं. पाहुणा बोलता बोलता थांबतो, पाइपाकडे पाहतो, मग अंदाज बांधतो. बायकोनं त्याला प्लायवूडची पेटी बसवली. आवाज आता पेटीतून येतो, म्हणजे जरा घुमून.

या सगळ्यात खालचं भांडं काढून अंगणात ठेवलं होतं. खालच्या जागेत मुलाला कॉम्प्युटर मांडायचा होता, बायकोला धान्याच्या कोठ्या. दोघांचं भांडण रंगात आलं असताना आई काठी टेकत आली. आई कौंडण्यपूरची. तिकडच्या रुक्मिणीनं एका पत्रात आपल्या लग्नाचा विषय संपवला होता. आईला तेवढंही लागत नाही.

‘‘माह्ये गुडघे वर नाही येनार,’’ ती म्हणाली. ‘‘ते भांडं काऊन बाहेर ठेवलं?’’

मिस्तरीला पुन्हा बोलावलं. त्यानं भांडं धुऊन जिथल्या तिथे बसवलं, शिवाय आईसाठी भिंतीला धरायला दांडी ठोकली आणि बिल लिहून माझ्या हातात दिलं. त्यात एक ओळ होती, ‘खालचं वर नेणे’. तिच्याखाली दुसरी, ‘परत खाली आणणे’. रक्कम सारखीच.

मी म्हटलं, ‘‘अरे, वरचं तर वरच आहे!’’

‘‘ते खरं हाये काकाजी,’’ तो म्हणाला, ‘‘पन मी तं खाली आलो ना.’’