वादी स्वतः

इंदापूरच्या कोर्टात पुकारा होतो. न्यायाधीश सवयीने विचारतात, "वादीतर्फे कोण?" मागच्या बाकावरून एक पांढरी टोपी उठते. "वादी स्वतः, साहेब." समोरच्या बाजूचे वकील घड्याळाकडे बघतात, टायपिस्ट बोटं मोडून घेतो आणि बोर्डावर ज्यांची प्रकरणं पुढे आहेत ते निवांत चहाला बाहेर पडतात.

अशी असामी प्रत्येक तालुक्यात असते. सातबाऱ्यावर नाव काही असो, हाक तात्या, नाना नाहीतर अण्णा. आपण तात्या म्हणू. तात्यांची जमीन नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्याच्या टेलला. म्हणजे पाण्याची वानवा आणि भांडणाची मुबलकता. चुलतभावाने बांध कोरला, असा दिवाणी दावा. त्यानेच रस्ता अडवला, हे प्रकरण निराळं. ते १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांपुढे चालून पुढे बारामतीला प्रांतांकडे गेलेलं. त्यामुळे निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, सणसर ही गावं एसटीच्या खिडकीतून मागे पडताना तात्या शेजारच्या प्रवाशाला दाव्याची हकीकत सांगत असतात. भवानीनगरला उतरणाऱ्याला फक्त आजोबांपर्यंतच पोचता येतं. त्या मार्गावरच्या जुन्या कंडक्टरला दावा मिळकतीची चतुःसीमा तोंडपाठ आहे.

तात्यांनाही पूर्वी वकील होता. चांगला होता, फीही बेताची होती. पण त्याने दावा तीन पानांत बसवला. वडिलांनी बैलजोडी विकून विहीर खोदली, ७२ च्या दुष्काळात चुलत्याने त्याच विहिरीचं पाणी नेलं, थोरल्या बहिणीच्या लग्नात त्याच घराने मानपान काढला, हे सगळं त्याने गाळलं. वर म्हणाला, "तात्या, मुद्द्याचं तेवढंच बोलायचं." वकील म्हणजे चहाची गाळणी, हे तात्यांना त्या दिवशी कळलं. आणि तात्यांना पावडरीसकट चहा प्यायची सवय.

मग त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं मराठी पुस्तक आणलं. आदेश ३ नियम १ वाचून त्यांना हायसं वाटलं: पक्षकाराला स्वतः हजर राहून काम चालवता येतं. मनाई हुकमाचा आदेश ३९ त्यांनी पाठ केला. मधला आदेश ६ मात्र वगळला. तिथे नियम २ मध्ये लिहिलंय, की कैफियत असो वा दावा, महत्त्वाच्या घटना तेवढ्याच थोडक्यात मांडाव्यात. तात्यांनी अर्ज देऊन दाव्यात दुरुस्ती मागितली. दुरुस्त दाव्याच्या पहिल्या परिच्छेदात मालोजीराजांची गढी आली, दुसऱ्यात गोल्डस्मिड आणि विंगेट. या दोन साहेबांनी १८३६ च्या सुमारास नव्या जमीन मोजणीची सुरुवात इंदापूर तालुक्यातूनच केली होती, हे खरंच आहे. तात्यांचं म्हणणं, बांधाचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "या दोघांना प्रतिवादी करायचंय का?" तात्यांनी विचार करायला मुदत मागितली.

वकील का नाही, असं कोणी विचारलं की तात्या बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे बोट दाखवतात. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि त्यात लहान रकमांच्या काही दाव्यांत वकिलाला उभंच राहू द्यायचं नाही असं ठरवलं. गरीब कुणबी सावकाराच्या वकिलापुढे गोंधळतो म्हणून. तो कायदा केव्हाच गेला. पण तात्या कोर्टाला ठासून सांगतात, "वकिलाशिवाय काम चालवणं ही आमच्या भागाची वहिवाट आहे साहेब, ती मोडता येणार नाही."

दुसरा दाखला लोकमान्यांचा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी हायकोर्टात आपली बाजू स्वतःच मांडली, कित्येक दिवस बोलले. टिळक एलएल.बी. होते आणि भाषण संपल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, एवढा भाग तात्या दाखल्यातून वगळतात. गाळायची कला त्यांना येतच नाही असं नाही.

तात्यांची पिशवी रेक्झिनची, वर खताच्या कंपनीचं नाव. आत सातबारे, फेरफार, मोजणीची क प्रत, आणि आजवर नामंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाची सही-शिक्क्याची नक्कल. निशाणी ५, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, कुठेतरी तळाला गेला. वर पुरसिस, दुरुस्त्या, कोर्ट कमिशनची मागणी, मागणीवरच्या हरकतीवरची हरकत.

खटल्यातली तात्यांची सगळ्यात मोठी निराशा सरतपासाची. स्वतःचा सरतपास कसा घ्यायचा याची त्यांनी घरी तालीम केली होती. वकिलाच्या जागेवरून प्रश्न टाकायचा, तरातरा पिंजऱ्यात जायचं, उत्तर द्यायचं, परत यायचं. पण २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर देतात. तात्या म्हणाले, "कायदेमंडळाने घाई केली."

त्याची भरपाई त्यांनी चुलतभावाच्या उलटतपासात केली.

"लहानपणी विहिरीत पडला होतास, तेव्हा तुला वर कोणी काढलं?"

वकील उठले, "हरकत आहे. प्रश्न गैरलागू."

"गैरलागू कसा? त्या दिवशी काढलाच नसता तर बांध कोरायला कोण उरला असता?"

न्यायाधीशांनी खाली मान घालून रोजनाम्यात काहीतरी लिहिलं. चुलतभाऊ पिंजऱ्यातून हळूच म्हणाला, "तात्यानंच काढलं, साहेब." ही कबुली नोंदवून घ्यायला तात्यांना पुन्हा एक अर्ज करावा लागला.

तारखा मागणाऱ्या वकिलांचा तात्यांना संताप. आदेश १७ खाली सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देता येत नाही, हे ते भर कोर्टात ऐकवतात. पण कारखान्याची टोळी शिवारात उतरली की त्यांचाच अर्ज येतो: 'वादीच्या उसास तोड आली असून टोळी थांबणेस तयार नाही, सबब मुदत मिळणेस विनंती.' विरुद्ध बाजूचे वकील 'हरकत नाही' असा से देतात. त्यांचाही ऊस असतो.

विधी सेवा समितीने मोफत वकील देऊ केला, तात्यांनी नाकारला. फी हा प्रश्न कधी नव्हताच. मुंबईला जायची धमकी ते अधूनमधून देतात; पण हायकोर्टाने २०१५ मध्ये नियम केलेत, स्वतः काम चालवणाऱ्याने आधी तिथल्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाऊन आपल्याला ते जमेल हे पटवायचं. इंदापूरच्या वकिलांना काळजी वाटते ती त्या समितीची.

तात्यांना हसणं सोपं आहे. पण ग्रामसभेत त्यांनी तोंड उघडलं की माईक बंद पडतो. तलाठी कार्यालयाला कुलूप असतं. घरी सून म्हणते, "मामा, जेवून घ्या आधी." कोर्ट ही एकच जागा अशी, जिथे सरकारचा माणूस समोर बसून म्हणतो, "बोला." आणि म्हणणं फेटाळायचं झालं तरी का फेटाळलं ते लिहून, खाली सही करून देतो. तात्या त्या सहीसाठी पहाटेची एसटी पकडतात. वीतभर जमिनीसाठी एवढं कोणी करत नाही.

म्हणूनच लोकअदालतीत ते बिथरले. चुलतभाऊ म्हणाला, मोजणीत निघेल तो बांध मला मान्य. तात्यांनी विचारलं, "युक्तिवाद कधी करायचा?" पॅनेलवरच्या वकीलबाई म्हणाल्या, "तडजोडीत युक्तिवाद नसतो, तात्या." तात्यांनी तडजोड फेटाळली.

शेवटी निकाल लागला. दावा खर्चासह मंजूर. वकिलांनी अभिनंदन केलं, कोणीतरी पेढे आणले. तात्या मात्र निकालपत्राची पानं उलटीपालटी करत राहिले. त्यांच्या चाळीस पानी लेखी युक्तिवादाला चार ओळी मिळाल्या होत्या. गोल्डस्मिडचा उल्लेखही नव्हता. त्यांनी बाररूममध्ये चौकशी केली, जिंकलेल्या माणसाला अपील करता येतं का? हुकूमनामाच तुमच्या बाजूचा, अपील कशावर करणार, असं सगळ्यांनी सांगितलं.

संध्याकाळच्या एसटीत चुलतभाऊ एकटाच खिडकीशी बसला होता. तात्या शेजारी जाऊन बसले, एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि पिशवीतून संहिता काढली.

"हे बघ, खचून जाऊ नगंस. अपिलाला तीस दिसांची मुदत असती, बारामतीला दाखल करायचं. आन् त्यो वकील आधी सोड. तुझं समदं म्हणणं त्यानं मांडलंच न्हाई."