उलटे आटे

जालन्यात घरासमोर जुनी जीप उभी करून तिच्याखाली आडवं होण्यात एक धोका असतो. भंगारवाला थांबतो. भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्यांचं हे गाव. गंजका पत्रा दिसला की इथला माणूस मनातल्या मनात त्याचं वजन करतो. "साहेब, अख्खी द्यायची का?" त्याने माझ्या पायांना विचारलं. बाकीचा मी आत होतो.

जीप सासऱ्यांकडून आलेली. १९४९च्या सुमारास महिंद्रांनी माझगावात विलिज जीप जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली. चारही चाकांवर कमानपाटे. बसणाऱ्याने आपले मणके आपणच सांभाळायचे. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जायचं आणि तिथून पांदणीने मेहुण्याच्या मोसंबीच्या बागेत, असा बेत होता. पावसाळ्यात काळ्या रानातली पांदण म्हणजे गाडीची तोंडी परीक्षा. तेव्हा निघण्याआधी खालचे सगळे नट-बोल्ट मी स्वतः तपासणार, असं घरात जाहीर केलं. न करतो तर बरं होतं. मेहुणा मदतीला आला.

यू-बोल्टांचं काम मी झकास केलं, हे इथेच नोंदवून ठेवतो. पुढे तशी संधी नाही. गाडी चाकांवर उभी ठेवून चारी नट समोरासमोरचे धरत थोडे थोडे आवळले. ते सैल राहिले तर सगळे हिसके सेंटर बोल्ट खातो. तो तुटला की अॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी पळायला लागते. मेहुण्याला हे ऐकवलं. त्याने विचारलं नव्हतं, तरी पुन्हा ऐकवलं. तिथेच हात धुवायला उठायला हवं होतं.

पण शॅकल दिसला. पाट्याचं टोक चासीला धरणारी ही कडी या जुन्या जीपमध्ये आट्यांच्या बुशात फिरते. आटेच तिचं बेअरिंग, म्हणून तिथे ग्रीस मारतात. एका बुशाला पाना लावला तर तो सुरसुर फिरला. "बघ, केवढा सैल होता!" मी आणखी फिरवला. तो आणखी फिरला.

"दाजी, हा बाहेर येतोय का?"

"तू उलट्या बाजूने बघतोयस," मी म्हणालो.

दर्शन छान झालं. पांदणीत पहिल्याच घळीला खालून खाडकन आवाज आला आणि जीप माझ्या बाजूला कलली. ट्रॅक्टरने ओढून राजूरच्या गॅरेजात आणली, तेव्हा चिखलाने मी आणि जीप एकाच रंगाचे झालो होतो.

मिस्त्रीने खाली वाकून शॅकलवरचा बारीकसा उंचवटा बोटाने दाखवला. "ही खूण बघा. याला उलटे आटे असतात. आवळायला गेलं की सुटतो." मग मान वर करून, "कुणी हात लावला होता?"

"होता एक मिस्त्री. जालन्याचा."

"त्याच्याकडं परत जाऊ नका, साहेब."

"छे, छे," मी म्हणालो. मेहुण्याने तोंड उघडलं. मी घाईघाईने त्याच्यासाठी भजी सांगितली.