वहिनी, पाखरांना बिस्कीट नको!

अहो वहिनी, या जरा गडग्यापाशी. कालपासून बघत्येय, तुमचा नातू त्या लव्हबर्डांच्या पिंजऱ्यात बिस्कीट चुरतोय.

"एवढंसं तर देतो हो!"

एवढंसं आपल्याला. त्या पाखराचं वजन ते किती, ३०-४० ग्रॅम! त्यात साखर नि मैदा गेला की उरलं काय? आणि दूधही नको हं, पाखरांना ते पचत नाही.

"मग खायचं काय त्यांनी? राळ्याची वाटी तर सदा भरलेलीच असते."

भरलेली? आणा बघू इकडे. आता मारा फुंकर. उडालं ना सगळं? नुसती फोलपटं! दाणा चोचीत घोळवून सोलतात, आतलं खातात नि साल तिथेच टाकतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोटभर आहे. रोज सकाळी फुंकून बघत जा.

आणि नुसत्या राळ्या-बाजरीवर भागत नाही. त्यात अ जीवनसत्त्व नि कॅल्शियम जेमतेम. मादी अंड्यावर आली नि कॅल्शियम कमी पडलं, तर अंडं आतच अडकतं, जिवावर बेततं. दुकानात पैसे कशाला घालवता? किनाऱ्यावर म्हाकुलाचं पांढरं हाड वाहून येतं ना, तोच समुद्रफेस. गोड्या पाण्यात भिजवून खार घालवायचा, कडक उन्हात वाळवायचा नि पिंजऱ्याला अडकवायचा. चोचीने खरवडत बसतात.

हिरवं म्हणाल तर शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर. मिरचीसुद्धा चालते.

"मिरची? अगंबाई!"

अहो, आपल्यासारखी तिखटाची आग त्यांना होतच नाही! सूर्यफुलाच्या बिया मात्र कधीतरीच, तेलकट फार. त्यानेच लठ्ठ होतात. आणि सूनबाई मुंबईहून ते अव्होकाडो आणते, त्याची फोडही पिंजऱ्याजवळ नेऊ देऊ नका. विषच ते पाखरांना. चॉकलेट, चहा-कॉफीचंही तेच.

"पाला टाकला होता मी. बघेनात तिकडे."

नाहीच बघायची. अनोळखी वस्तूला बिचकतात. म्हणून राळे एकदम बंद करायचे नाहीत, नाहीतर उपाशी राहतील पण पाल्याला शिवणार नाहीत. ओली डहाळी रोज सकाळी बांधायची, दुपारी काढायची. आधी अंग घासतील, मग टोचतील, मग खातील. लागू देत महिना.

त्यापेक्षा वरच्या आळीत चला! पिंजऱ्यात पोपट, नि त्याला चहात बुडवलेला पाव! मुळात आपला रानपोपट घरात ठेवणंच १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. तर वर लाड हे असले.

"मग सांगा की त्यांना."

मी? तुम्हीच सांगा. माझं नाव मात्र काढू नका हं, त्यांच्याकडून अजून कापा फणस यायचाय.