कामानिमित्त

माणूस गाव सोडून का आला, याची उत्तरं जनगणनेच्या तक्त्यात आधीच छापलेली असतात. २०११ ला ती अशी होती : काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवले, कुटुंबासोबत आले आणि इतर. यात पाऊस कुठेही नाही. १९९१ ला नैसर्गिक आपत्तीचा एक रकाना होता, पुढे तो वाहून गेला. (की आटला?)

त्यामुळे कल्याण-डोंबिवलीच्या मजूर नाक्यावर सकाळी घमेलं घेऊन उभा असलेला मराठवाड्यातला माणूस सरकारच्या लेखी ‘कामानिमित्त’ आलेला आहे. त्याला विचारा, तो म्हणेल, ‘जगायला आलो.’ बहात्तरच्या दुष्काळात त्याचा आजाही हेच म्हणाला असणार. ‘जगणे’ हा रकाना तेव्हाही नव्हता.

शेजारचं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधी आले, लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहिले, आणि निर्वासित म्हणून त्यांची नोंद झाली. कॅम्प नंबर चार म्हटलं की रिक्षावाला आजही बरोबर नेऊन सोडतो. सरहद्द ओलांडून आलात तर निर्वासित. विहीर आटली म्हणून आलात तर गर्दी. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातही वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट, राजकीय मत एवढंच आहे. पावसाने छळ केला तर कागदावर तो छळ धरत नाहीत.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. तिचे फोटो झळकले, ‘जलदूत’ असं नावही मिळालं. त्याच उन्हाळ्यात नांदेडकडची कुटुंबं घाटकोपरच्या मैदानात पाल ठोकून होती. पाणी तिकडे गेलं, माणसं इकडे आली. पाण्याच्या गाडीला हार, माणसांच्या गाडीला ‘आत सरका’.

दुष्काळात निदान जमीन तरी जागेवर राहायची. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात असा पाऊस झाला की पिकाखालची जमीनच खरडून गेली. महिना-महिना दडी मारायची आणि मग दोन दिवसांत सगळी थकबाकी चुकती करायची, ही पावसाची नवी रीत. आपण त्याला हवामानबदल म्हणतो आणि एसीचं तापमान दोनने उतरवतो.

बरं, इकडे आलेल्याला पाणी कुठलं मिळतं? ठाण्याच्या नळाला भातसाचं येतं. धरण शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यात पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि पावसाळा संपला की तिथली आदिवासी कुटुंबं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. म्हणजे पाणी पाइपातून शहरात, माणसं टेम्पोतून भट्टीवर, आणि त्यांनी पाडलेल्या विटांच्या टॉवरची जाहिरात – ‘चोवीस तास पाणी’.

नाक्यावरच्या माणसाला टॉवर परवडत नाही. त्याला परवडते ती टेकडी. कल्याणची कचोऱ्याची, नाहीतर कळव्याची. १९ जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरात दरड घरावर आली, पाच माणसं गेली. दर पावसाळ्यापूर्वी टेकडीवर नोटीस लागते : रहिवाशांनी तातडीने सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हावे. बघा, गाव सोडताना जो शब्द सरकारला सापडला नव्हता, तो इथे ठळक अक्षरांत मिळाला! सुरक्षित ठिकाण कोणतं, हे मात्र नोटिशीत नसतं. तेवढी जागा कागदावर उरत नसावी.

आता २०२७ ची जनगणना. आपत्तीचा रकाना परत आलाच तर प्रगणक तो घेऊन टेकडी चढेल, दार वाजवेल. दाराला कुलूप असेल. शेजारीण सांगेल, घरात कुणी नाही, कामानिमित्त बाहेर गेलेत.